रेघेची जाडी

मोती तबेल्याच्या कचेरीत, जिन्याखालच्या खोलीत
माझं टेबल होतं. टेबलाला काच, काचेखाली चाळीसचा दिवा,
दिव्यावर उताणा झोपवलेला माळवा.
पद : अनुरेखक.
घरच्या भाषेत, दुसऱ्याच्या रेघा गिरवणारी.

कपाटाच्या तळाशी संस्थानी ताव होते, कापडावर चिकटवलेले.
त्यांवर राज्य असं सलग नव्हतंच कुठे.
होळकरांचं पिवळं, मध्येच शिंद्यांचं एक गुलाबी गाव,
देवासची थोरली पाती, धाकटी पाती,
एकाच रस्त्याच्या दोन कडा.
पोराने ताट उपडं करावं
आणि ज्याच्या पुढ्यात जे सांडलं ते त्याचं.
परगणे पुसून जिल्हे आले, जिल्ह्यांवर संभाग आले,
मध्यभारत आठ वर्षं टिकलं.
त्याचे शिक्के अजून खणात होते, शाई वाळलेले.
साहेब म्हणायचे, "फेकू नका. कोण जाणे."

मला जमिनीतलं फारसं कळत नसे.
जे कळलं ते पाण्यावरून.
रामबागेतल्या आमच्या मोरीचं पाणी खान नदीत,
खान क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत.
दक्षिणेला नर्मदा एवढी हाकेवर असून
आम्ही भांडी घासलेलं पाणी प्रयागला पाठवतो!
हे कागदावर सापडलं त्या संध्याकाळी आईला सांगितलं.
ती म्हणाली,
"मग निदान खरकटं तरी आधी काढत जा."

पंचाहत्तर साली टोकेकर आजारी पडले
म्हणून फेरमोजणीला मला नेलं.
महूच्या पुढे पठार चालत येतं
आणि एकदम थांबतं,
जिना उतरताना काही विसरलेलं आठवावं तसं.
खाली निमाड, उन्हाने पांढरा पडलेला.
अलीकडे इंदूर जिल्हा, पलीकडे खरगोन.
सीमा : पाणलोटाची धार, असं फाइलीत.
प्रत्यक्षात तिथे बोरीची झुडपं
आणि रुमालीबाईचं घर.

नाथूसिंग पटवाऱ्याने साखळी ओढली, काठी रोवली,
म्हणाला, चूल इंदूरची, बकऱ्या खरगोनच्या.
ती आढ्याकडे बघत म्हणाली, माहीत आहे.
या अंगाची कौलं चंबळेला गळतात,
त्या अंगाची नर्मदेला.
मी दोन्हींकडे घागर लावते.
महू तहसिलीने तिचा रेशनचा अर्ज परत केला होता,
आमच्या हद्दीत नाही.
महेश्वरनेही. तेच वाक्य, अक्षर जरा बरं.
मग माझ्या हातातला ताव बोटाने चाचपून तिने विचारलं,
"थारी लकीर कितरी चौड़ी हे, बेटी?"

मी हसले.
जीपमध्ये बसल्यावर हिशोब केला.
एका इंचाला एक मैल. निबेचं टोक पाव मिलिमीटर.
जमिनीवर सोळा मीटर.
घर, बकऱ्यांचं कुंपण, बोर, अंगणातली खाट
सगळं माझ्या रेघेत मावत होतं, वर जागा उरत होती.
ना अलीकडे ना पलीकडे.
शाईत.

पुण्याला लग्नाच्या पंगतीत अजून कुणी विचारतं,
तुम्ही कुठल्या?
इंदूरच्या.
नाही हो, मूळच्या.
मी मठ्ठ्याचा पेला पुढे करते
आणि ते सोळा मीटर आठवतात.

त्या वर्षीचा अंतिम ताव गिरवताना
घाटाच्या कडेला, बरोबर त्या जागी
मी निब उचलली. केसाएवढी फट ठेवली
आणि पुढे निघाले, बडवानीच्या दिशेने.

साहेबांनी भिंग लावलं.
"शाई तुटली इथे."
हो, म्हटलं, तुटली असेल.
खिशातलं स्वतःचं पेन काढून त्यांनी जोडून दिली.
जाड पेन होतं.
तीस मीटर तरी. बोरीचं दुसरं झाडही
आत गेलं असणार.